साखरेला शिक्का मिळाला, कोयत्याला नाव कधी मिळणार?

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास ध्येये आणि त्यांखालची १६९ लक्ष्ये ठरवली. तेव्हापासून सगळे जण २०३० कडे बोट दाखवतात. पण काही लक्ष्यांची मुदत त्याआधीचीच होती. त्यांतले ८.७ क्रमांकाचे लक्ष्य आपल्या भागाशी थेट संबंधित आहे. बालमजुरी तिच्या सर्व रूपांत २०२५ पर्यंत संपवायची, असे ते सांगते. २०२५ सरले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी त्याच वर्षी जूनमध्ये दिलेल्या आकड्यांनुसार जगात अजून सुमारे १३.८ कोटी मुले मजुरीत आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त शेतीत आहेत. मुदत हुकली, पण आपल्याकडे त्याची फारशी चर्चाही झाली नाही. दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतून नेहमीप्रमाणे संसार लादलेले ट्रॅक्टर निघाले. भांडीकुंडी, गोधड्या, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरे.

दुसरीकडे मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडून पाहा. १७ ध्येयांचे १७ रंगीत चौकोन पानोपानी छापलेले असतात. आमच्या साखरेमुळे आठवे ध्येय पुढे गेले, आमच्या कापसामुळे बारावे गेले, आमच्या पाणीबचतीमुळे सहावे. हा दावा कशाच्या बळावर केला जातो? बहुतेक वेळा प्रमाणपत्राच्या. माल जिथून आला ते शेत आणि कारखाना अमुक मानकाला उतरला, असे एका तपासणी संस्थेने लिहून दिलेले असते. बाराव्या ध्येयातले १२.६ हे लक्ष्य तर मोठ्या कंपन्यांनी शाश्वत पद्धती स्वीकाराव्यात आणि त्यांची माहिती जाहीर करावी, असेच सांगते. म्हणजे प्रमाणपत्र हा जागतिक ध्येये आणि बाजार यांना जोडणारा दुवा झाला आहे. या दुव्याच्या एका टोकाला लंडन-न्यूयॉर्कची कार्यालये आहेत आणि दुसऱ्या टोकाला आपल्या वस्त्या. आपल्याकडच्या तरुण कार्यकर्त्यांनी तो समजून घेतला पाहिजे, कारण या साखळीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद आपल्याच गावात व्हायला हवी आणि ती होत नाही.

ऊस घेऊ. ऊस आणि साखरेसाठी जगात सगळ्यात जास्त चालणारे मानक ‘बोन्सुक्रो’ या लंडनस्थित संस्थेचे आहे. साखर कारखाने, साखर विकत घेणाऱ्या कंपन्या आणि काही स्वयंसेवी संस्था तिच्या सदस्य आहेत. बालमजुरी नको, सक्तमजुरी नको, किमान वेतन द्या, पाणी आणि रसायने जपून वापरा, अशा अटी मानकात आहेत. अटी वाचल्या तर कुणालाही पटतील. कारखाना अर्ज करतो, तपासणी संस्थेला फी देतो, तपासनीस काही दिवस येतात, कागद पाहतात, नमुन्यादाखल काही शेते पाहतात, काही माणसांशी बोलतात. मग प्रमाणपत्र मिळते. गंमत म्हणजे प्रमाणित साखर प्रत्यक्ष न घेता नुसते तिचे ‘क्रेडिट’ विकत घेण्याचीही सोय आहे. साखर एकीकडे जाते, पुण्य दुसरीकडे.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा शोधवृत्तांत छापला. उचलीच्या कर्जात अडकलेली जोडपी, कोयत्याला जोडीदार हवा म्हणून लवकर लावलेली मुलींची लग्ने, गर्भपिशवी काढलेल्या बायका, आणि इथल्या साखरेचे कोका-कोला व पेप्सिको यांच्यासारखे ग्राहक. फडात मुले राबत असल्याचे कोका-कोलाने नेमलेल्या पाहणीत २०१९ मध्येच दिसले होते, असेही त्या वृत्तांतात म्हटले होते. इंग्रजी जगाला धक्का बसला. मराठवाड्याला त्यात नवे काय होते? राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली होती. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटातले हेच प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीन टक्क्यांच्या आसपास होते. हा आकडा कुठल्या परदेशी पत्रकाराने नाही, आपल्या आरोग्य खात्याच्या यंत्रणेने गोळा केला होता.

मग तपासनिसाला हे का दिसत नाही? तो अप्रामाणिकच असतो असे समजण्याचे कारण नाही. तो जिथे उभा असतो तिथून ते दिसणे अवघड आहे. तपासणी होते कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यात. उचल दिली जाते मुखेडच्या किंवा जळकोटच्या वस्तीत, पावसाळ्यात, घरात दाणा नसताना. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक करणाऱ्या कंत्राटदाराशी असतो, कंत्राटदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा टोळीशी, तोही बहुधा तोंडी. ऊस तोडणारा माणूस कागदावर कारखान्याचा कामगारच नसतो. तपासनिसाने कारखान्याचे वेतनपत्रक मागितले तर त्यात किमान वेतन नियमाप्रमाणे दिलेले दिसेल, कारण त्या पत्रकात फडातले कोणीच नाही.

‘कोयता’ हा शब्दच पाहा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक एकक. उचल कोयत्यावर, मजुरी कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. पहाटे तीनला उठून भाकऱ्या करून फडात जाणारी, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रॅक्टर भरणारी बाई कुठल्याही वहीत स्वतंत्र नावाने येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा भाव २७३ वरून ३६६ रुपयांच्या घरात गेला. एका जोडप्याने दिवसाकाठी दोन टन तोडला तर सातशे-साडेसातशे रुपये होतात. ते दोघांचे, आणि दिवस बारा-चौदा तासांचा. एक दिवस पाळीमुळे किंवा तापामुळे पडून राहिले तर ‘खाडा’ लागतो, त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंड बसतो. गर्भपिशवीचा प्रश्न दवाखान्यात सुरू होत नाही, तो या खाड्याच्या हिशेबात सुरू होतो. पाचव्या ध्येयाचा चौकोन छापणाऱ्या कंपनीला हा एक शब्द माहीत असायला हवा.

कायद्यानेही हा माणूस निसटतो. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांतही ‘आंतरराज्य’ हीच अट राहिली. नांदेडहून बेळगावला गेलेला मजूर या व्याख्येत बसू शकतो, पण तेवढाच लांब कोल्हापूरला गेलेला बसत नाही. सेबीने २०२२-२३ पासून सर्वांत मोठ्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. पण सहकारी साखर कारखाना शेअर बाजारात नसतो, त्यामुळे तोही सुटला.

कापसाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नांदेड हे कापसाचे जुने नाव. इथल्या संशोधन केंद्राने १९८४ मध्ये दिलेल्या ‘नांदेड-४४’ या संकरित वाणाने अनेक वर्षे कोरडवाहू शेतकऱ्याला हात दिला. ‘बेटर कॉटन’ हा कार्यक्रम भारतात २०११ च्या सुमारास आला. साधारण साडेतीन हजार शेतकऱ्यांचे एक उत्पादक एकक आणि त्यात पस्तीस-चाळीस जणांचे शिक्षण गट, अशी त्याची बांधणी. वागेनिंगेन विद्यापीठाने २०१९ ते २०२२ या काळात नागपूर आणि आदिलाबाद जिल्ह्यांत केलेल्या अभ्यासात या शेतकऱ्यांचा कीटकनाशकांवरचा खर्च बराच उतरल्याचे दिसले. आदिलाबाद म्हणजे आपल्या किनवटच्या पलीकडचा जिल्हा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आठवले की पाठीवर पंप घेणाऱ्याच्या अंगावर विष कमी पडणे किती मोलाचे आहे ते कळते. फवारणीला जाणारा माणूस बहुतेक वेळा मजूर असतो. तेव्हा सगळे प्रमाणीकरण थोतांड आहे, असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही.

पण शिक्षण गटात बसतो कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. वेचणीला जाणारी बाई किलोवर मजुरी घेते आणि संध्याकाळी घरी येते. मानकातल्या ‘शेतकरी’ या शब्दात ती मावत नाही. अलीकडे मानकांत मजुरांचा उल्लेख वाढला आहे, तरी हिशेबाचा पाया जमीनच आहे. आणि इथे आपला प्रश्न सुरू होतो. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळपास पाचवा हिस्सा आहे. त्यांच्यातल्या फार थोड्यांकडे जमीन आहे, आणि ज्यांनी गायरान कसले त्यांच्यापैकी कित्येकांच्या नावावर ते अजून झालेले नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले तेव्हा मागणी जमिनीची होती. आज ती जमीन नसल्यामुळे माणूस शेतातूनच नव्हे, तर शाश्वततेच्या हिशेबातूनही बाहेर राहतो.

जातीचा रकानाच कुठे नाही. दहाव्या ध्येयातले १०.२ हे लक्ष्य सर्वांच्या समावेशाबद्दल बोलते. वय, लिंग, अपंगत्व, वंश, वांशिकता, मूळ, धर्म, आर्थिक वा अन्य दर्जा, अशी यादी त्यात आहे. जात ‘अन्य’ मध्ये गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा भेदभावाविरुद्धचा १९५८ चा करार, ज्यावर बहुतेक प्रमाणपत्रांची अट उभी असते, तोही वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ एवढेच म्हणतो. २००१ मध्ये डर्बनच्या परिषदेत दलित प्रतिनिधींनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला आणि भारत सरकारने तो अडवला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने ‘जन्म’ या शब्दात जातही येते, असा अर्थ स्पष्ट केला. तो अर्थ तपासनिसाच्या प्रश्नावलीपर्यंत पोचायला अजून वेळ आहे. फडात बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी सगळेच आहेत. पण कुणाच्या पालाला पाणी कुठून मिळते, मुकादम कुणाचा, टोळीत सर्वांत जड काम कुणाच्या वाट्याला, हे विचारल्याशिवाय भेदभाव दिसत नाही.

लातूरचे पाणीही याच प्रकारात मोडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच जिल्ह्यात उसाचे फड आणि साखर कारखाने होते. राज्यातली साधारण चार टक्के लागवड असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्यापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी घेते, असे तज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. प्रमाणपत्र विचारते, एका टनाला पाणी किती लागले. ठिबक लावले, टनामागचे पाणी घटले, गुण वाढले. या खोऱ्यात ऊस लावावा का, हा प्रश्न त्या कागदावर येऊच शकत नाही. तो राजकारणाचा आहे. हंड्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या वस्तीने तो ग्रामसभेत विचारायचा आहे.

कागदावर विसंबल्याने काय होते याची उदाहरणे कमी नाहीत. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार जळाले. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला चांगल्या कामगार-परिस्थितीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाच्या जागतिक संस्थेला भारतातून आलेल्या सुमारे वीस हजार टन कापसाची प्रमाणपत्रे बनावट आढळली. कंबोडियात उसासाठी जमिनी गेलेल्या कुटुंबांनी बोन्सुक्रोविरुद्धच तक्रार केली, आणि २०२२ मध्ये ब्रिटनच्या संबंधित सरकारी कार्यालयाने संस्थेवर ठपका ठेवला. ते शेतकरी इंग्रजी बोलणारे नव्हते. त्यांच्याकडे कागदपत्रे होती आणि चिकाटी होती.

आणि एक उदाहरण असे, जे मला या सगळ्यांहून महत्त्वाचे वाटते. तामिळनाडूत दिंडिगुलजवळच्या एका कापड कारखान्यात काम करणाऱ्या तरुण दलित कामगार महिलेचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला, आरोपी तिचा पर्यवेक्षक होता. ‘टीटीसीयू’ ही तिची संघटना दलित महिलांच्या नेतृत्वाखाली चालते. तिने दोन गोष्टी केल्या. कारखान्यातला माल कोण विकत घेतो हे शोधले, आणि त्या कंपन्यांना टेबलावर बसवले. २०२२ मध्ये संघटना, कारखान्याची मालक कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच या खरेदीदार कंपन्या यांच्यात करार झाले. त्यात लिंगाधारित हिंसेबरोबर जातीचेही नाव आहे. देखरेख कामगार स्वतः करतात, त्यासाठी त्यांना प्रशिक्षण मिळते, आणि करार मोडला तर खरेदीदाराला धंद्याचे पाऊल उचलावे लागते. हे शिक्क्यासारखे नाही, बंधनकारक आहे.

फरक कशात आहे? प्रमाणपत्रात दोन पक्ष असतात, कंपनी आणि तपासणारा, आणि तपासणाऱ्याची फी कंपनीच देते. दिंडिगुलमध्ये तिसरी खुर्ची होती. बाबासाहेब १९४२ मध्ये मजूरमंत्री झाले त्याच वर्षी सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेची सुरुवात झाली. तिसऱ्या खुर्चीचे महत्त्व आपल्याला बाहेरून कुणी सांगण्याची गरज नाही.

ऊसतोडीत ती खुर्ची मिळवायची तर आधी मजूर कोण, हे सिद्ध व्हावे लागते, आणि तो पुरावा कोल्हापुरात नाही, नांदेड-लातूरला तयार होतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ सामाजिक न्याय विभागाखाली आहे. कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेऊन त्याचा निधी उभा राहतो. मजुराची नोंद आणि ओळखपत्र गावातच, ग्रामसेवकामार्फत होते. ही नोंद नवऱ्याची होते तेव्हा बायकोचीही, तिच्या नावाने, झाली की नाही हे पाहायला मोर्चा लागत नाही. विहारात बसून वस्तीतल्या दहा मुलांनी दसऱ्याआधी यादी केली तरी पुरे. कोण निघाले, कुठल्या मुकादमाबरोबर, उचल किती, कुठल्या कारखान्याला, बरोबर मुले किती आणि कितवीत शिकणारी. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर आहेत. आपल्या तालुक्यातले कुठे आहे, त्यात आपली किती मुले आहेत, हे याच यादीवरून विचारता येते.

वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे आणि तो कुणी फारसा वापरत नाही. त्याच्या कलम १३ प्रमाणे जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असावी लागते, आणि तिच्यात त्याच भागात राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या तीन व्यक्ती घ्याव्याच लागतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही त्यात मोजले जातात. उचल हे वेठबिगारीचे कर्ज आहे, असे मजुराने म्हटले तर तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर पडते. नांदेडच्या आणि लातूरच्या समितीत आज ते तीन जण कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, तिचे इतिवृत्त कुठे आहे? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

खरेदीदाराचा दरवाजाही पूर्ण बंद नाही. बोन्सुक्रोची स्वतःची तक्रार-पद्धत आहे. जर्मनीचा पुरवठा-साखळी कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला, युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच कायदा केला, आणि उद्योगांच्या दबावाखाली २०२५ मध्ये दोन्ही सौम्य करण्याचे प्रयत्न सुरू झाले. दरवाजा किती उघडा राहील हे तिकडच्या राजकारणावर आहे. तक्रारीत नाव, तारीख, उचलीची रक्कम, कारखाना आणि खाड्याचा हिशेब असला तरच तिच्याकडे लक्ष जाते, हे मात्र कुठेही खरे आहे.

तोडणीच्या दराचा २०२४ चा करार तीन हंगामांचा होता, २०२३-२४ पासून २०२५-२६ पर्यंत. पुढच्या करारात दर किती टक्के वाढणार, मुकादमाचे कमिशन किती, यावर चर्चा होईलच. बाईची मजुरी तिच्या खात्यात, पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा नाही, आणि उचलीचा करार लेखी, मराठीत, दोघांच्या सहीने, या तीन मागण्या त्या बोलण्यांत कोण मांडणार हे अजून ठरायचे आहे. नांदेड-लातूरच्या याद्या तयार असतील तर बीडच्या संघटनांबरोबर बसून त्या मांडता येतील. त्यासाठी पुढचा हंगाम सुरू होण्याआधीचे पावसाळ्याचे चार महिने हाती आहेत, आणि उचलीचे वाटपही त्याच महिन्यांत होते.